सारथ्याची उमेदवारी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी जॉर्जिया या संस्थानात, अ‍ॅपलॅशियन पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी, डॉसनव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. आणि त्या गावच्या दफनभूमीत एक थडगे असे आहे की देवदूताची मूर्ती अथवा धर्मग्रंथातले वचन दिसेल अशा अपेक्षेने जवळ जाणाऱ्या मनुष्यास तेथे एक मोटार कोरलेली आढळते. मोटार फोर्ड कंपनीची, १९३९ सालच्या घडणीची. आणि तिच्या चालकाच्या खिडकीत, जेथे काच असावयाची तेथे, एका तरुणाचे छायाचित्र बसविलेले आहे. या तरुणाचे नाव लॉइड, आडनाव सी. १ सप्टेंबर १९४१ रोजी अटलांटा येथील लेकवुडच्या मैदानावर त्याने शंभर मैलांची शर्यत जिंकली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच्या नात्यातल्याच एका भावाने त्याला गोळी घालून ठार केले. वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. भांडण कशाचे, तर साखरेचे: चोरून दारू गाळण्यासाठी जी साखर उचलली होती ती कोणाच्या खात्यावर मांडावयाची, एवढाच तंटा.

मोटारशर्यतीचा इतिहास लिहिणारे बहुधा वेगापासून आरंभ करतात, आणि मग त्यांच्या लेखणीला मैल आणि सेकंद यांच्यापलीकडे काही सुचत नाही. मला मात्र या व्यवसायाकडे पाहताना त्या साखरेच्या खात्याचीच आठवण अधिक होते. मल्ल घडवावयाचा तर खुराकाचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो, गवई घडवावयाचा तर बारा वर्षे कोणी तरी त्याला दोन वेळा जेवू घालावे लागते. मोटार हाकणारा तरुण घडवावयाचा तर मोटारी, टायर, पेट्रोल आणि मोडतोड यांचा जो अवाढव्य खर्च येतो तो कोणाच्या पदरी पडला, हे एकदा नीट पाहिले म्हणजे या धंद्याची बरीचशी कैफियत आपोआप उलगडते.

आधी शब्दाचा खुलासा केलेला बरा. ‘स्टॉक’ म्हटले की आपल्याकडील मनुष्यास दलाल स्ट्रीट आठवतो. येथे मात्र तो शब्द दुकानातल्या शिलकी मालाशी नाते सांगतो. पेढीवर विकावयास ठेवलेली, कोणाही गिऱ्हाइकाने पैसे मोजून घरी न्यावी तशीच मोटार जेव्हा शर्यतीस उतरते तेव्हा ती स्टॉक कार. आज या नावात नावापुरताही अर्थ उरलेला नाही, कारण आजची शर्यतीची गाडी कोणत्याही दुकानात मिळत नाही. परंतु आरंभी तो अर्थ खरा होता, आणि तो खरा असण्याचे कारण अबकारी खात्यात सापडते.

नॉर्थ कॅरोलायना संस्थानातील विल्क्स परगणा हा डोंगरउताराचा मुलूख. स्कॉटलंड आणि आयर्लंड येथून आलेल्या कुळांनी तेथे मका पेरला, आणि मका डोंगरवाटेने बाजारात नेणे जिकिरीचे व तोट्याचे असल्याने त्याची दारू गाळून नेली. खेचराच्या पाठीवर मावेल तेवढ्या जागेत कित्येक पटींनी अधिक मोलाचा माल जाऊ लागला. दारू गाळणे हा या लोकांच्या लेखी गुन्हा नव्हता, शेतीचाच एक शेवटचा हात होता. सरकारने १७९१ साली मद्यावर कर बसविला तेव्हा पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात १७९४ मध्ये बंड झाले आणि ते मोडावयास खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांना लष्कर घेऊन निघावे लागले. तो कर पुढे उठला, पण यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठी १८६२ साली पुन्हा आला तो कायमचाच. नॉर्थ कॅरोलायनाने १९०८ साली मतदान घेऊन दारूबंदी पत्करली, आणि १९२० पासून १९३३ पर्यंत ती साऱ्या देशाने पत्करली. बंदी उठल्यावरही कर राहिला, कोरडे परगणे राहिले, आणि त्यामुळे हातभट्टीचा नफाही राहिला. मोरारजीभाईंच्या काळातील मुंबई ज्यांना ऐकूनपाहून ठाऊक आहे त्यांना हे अर्थशास्त्र अधिक फोड करून सांगण्याचे प्रयोजन नाही.

भट्टी डोंगरात आणि गिऱ्हाईक शहरात, अशी परिस्थिती असली म्हणजे मधल्या रस्त्याला महत्त्व येते, आणि रस्त्याला महत्त्व आले म्हणजे गाडी हाकणाऱ्याला. ही गाडी दिसावयास चारचौघांसारखी असावी लागे. तिच्याकडे अबकारीच्या शिपायाची नजर वळली की निम्मी लढाई हरली. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसविले, आणि पुढे १९४० सालची फोर्ड ही या धंद्याची लाडकी गाडी ठरली. बाहेरून ती एखाद्या पाद्र्याची असावी इतकी सोज्वळ. आतून मात्र मागची बैठक काढलेली, इंजिन वाढविलेले, आणि मागच्या कमानी पाटे घालून ताठ केलेल्या, कारण शंभराहून अधिक गॅलन दारू काचेच्या बरण्यांतून भरली की गाडीचे बूड खाली बसे आणि चाणाक्ष अंमलदारास त्या बसलेल्या बुडावरूनच मुद्देमालाचा सुगावा लागे. या ताठ कमानींचे आणखी एक फळ असे होते की रिकामी गाडी वळणावर कलंडत नसे. पण ते पुढे येईल.

अशा गाड्यांवर मुले बसविली जात. थोराला अटक झाली तर संसार उघडा पडतो, मुलगा सापडला तर न्यायाधीश थोडा विरघळतो, हा एक हिशेब. आणि मुलाला भीती कमी असते, हा दुसरा. लॉइड सी हा अशाच मुलांपैकी. त्याच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की भरधाव जाताना पोलिसाने अडविले असता त्याने दहा डॉलर दंडाऐवजी वीस डॉलर काढून दिले, आणि परत येताना आपण घाईत असू तेव्हा येतानाचाही दंड आताच घ्यावा असे नम्रपणे सांगितले. त्याला गाडी पुरविणारा अटलांटाचा रेमंड पार्क्स हा स्वतः याच धंद्यात मोठा झालेला. त्याच्या पदरी सी आणि रॉय हॉल हे दोन नातलग तरुण होते, गाड्या तयार करावयास रेड व्होट हा कसबी कारागीर होता, आणि रात्री माल नेणारी मुलेच दिवसा मैदानावर शर्यत करीत. हॉल तुरुंगात गेला, सी थडग्यात गेला. थडग्यावरची ती मोटार पार्क्सने स्वखर्चाने कोरून घेतली.

या पाठशाळेचा सर्वांत गुणी विद्यार्थी विल्क्स परगण्यातला. रॉबर्ट ग्लेन जॉन्सन, धाकटा. जगाला ठाऊक असलेले नाव ज्युनियर जॉन्सन. जन्म १९३१. बापाच्या त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यातील वीसेक वर्षे दारूपायी तुरुंगात गेली, आणि मुलाने चौदाव्या वर्षी, परवान्याचे वयही झालेले नसताना, बापाच्या गाडीचे चाक हाती घेतले. रात्रीच्या अंधारात दिवे मालवून, मातीच्या रस्त्यावर, ओळखीच्या झाडाच्या सावलीवरून वळण जोखावयाचे. पुढे नाकेबंदी दिसली की चाक मुरडून आणि ब्रेक दाबून गाडी जागच्या जागी उलट तोंडाने फिरवावयाची आणि आलेल्या वाटेनेच निसटावयाचे. या फिरकीला तिकडे भट्टीवाल्यांचेच नाव पडले आहे. आपण रस्त्यावर कधीच पकडलो गेलो नाही हे जॉन्सन उतारवयातही अभिमानाने सांगत असे, आणि ते खरे होते: १९५६ साली तो सापडला तो बापाच्या भट्टीपाशी, पायी, आणि ओहायोतील चिलिकोथीच्या तुरुंगात अकरा महिने काढून आला. त्या वेळी तो शर्यतीतला नावाजलेला सारथी होता. पहिली शर्यत त्याला कशी लाभली हेही तो सांगे: किशोरवयात खेचरामागे अनवाणी नांगर धरला असता थोरला भाऊ आला आणि नॉर्थ विल्क्सबोरोच्या मैदानावर आपली गाडी हाकावयास चल म्हणाला, नांगर तेथेच उभा राहिला, आणि मुलगा त्या दिवशी दुसरा आला.

त्याला सारथी म्हणून पन्नास विजय मिळाले. परंतु माझ्या मते त्याच्या बुद्धीचा कस १९६० साली फ्लॉरिडातील डेटोनाच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत लागला. त्याची शेव्हरोले गाडी पाँटिॲक गाड्यांच्या मानाने स्पष्टपणे मंद होती. सरावाच्या वेळी त्याच्या ध्यानात आले की पुढच्या गाडीच्या अगदी पाठीला चिकटून राहिले तर तिने फाडलेल्या हवेत आपली गाडी तिच्याच वेगाने ओढली जाते, आणि एकटे पडताच मागे पडते. वायुगतिशास्त्राचे एक अक्षरही न शिकलेल्या मनुष्याने ही गोष्ट ओळखली, कोणाजवळ बोलला नाही, आणि शर्यत जिंकून मोकळा झाला. अंधारात रस्ता वाचावयास शिकलेल्याला दिवसाउजेडी वारा वाचता आला, यात मला फारसे नवल वाटत नाही.

या विस्कळीत शर्यतींना सनद देणारा पुरुष मात्र भट्टीवाला नव्हता. बिल फ्रान्स हा वॉशिंग्टनहून फ्लॉरिडात येऊन स्थायिक झालेला साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा पेट्रोलविक्या. डेटोनाच्या कठीण वाळूवर एके काळी जगातील वेगाचे विक्रम होत. १९३५ मध्ये सर माल्कम कॅम्बेल यांनी तेथे ताशी २७६ मैलांचा वेग गाठला आणि त्याच वर्षी विक्रमवीरांनी आपला मुक्काम यूटामधील मिठाच्या मैदानावर हलविला. ओसाड पडलेल्या गावाने १९३६ च्या मार्चमध्ये वाळू आणि डांबरी रस्ता जोडून साध्या गाड्यांची शर्यत भरविली. नगरपालिकेला त्यात खोट आली, फ्रान्स पाचवा आला, आणि धंदा गावाने नव्हे तर आपण करावयाचा ही गोष्ट त्याने मनाशी बांधली. १४ डिसेंबर १९४७ रोजी डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलच्या माडीवर त्याने गाडीमालक, मैदानांचे मक्तेदार आणि कारागीर यांना जमविले. संस्थेला ‘नॅसकार’ हे नाव रेड व्होटने सुचविले, २१ फेब्रुवारी १९४८ ला तिची रीतसर नोंदणी झाली, आणि पहिला विजेता रेड बायरन हा युद्धात विमानावर पाय जायबंदी करून आलेला सैनिक ठरला. बसावयास गाडी दिली ती पार्क्सनेच. कागद फ्रान्सचा होता. पैसा अजून दारूचा होता.

या दोहोंची पहिली उघड गाठ पडली ती १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे. फ्रान्सने त्या दिवशी फर्मान काढले होते की गाडी दुकानातून येते तशीच हवी, तिला हातही लागता कामा नये. पाऊण मैलाच्या मातीच्या रिंगणात धुळीचा असा लोट उठला की पुढचे दिसेना. ग्लेन डनवे नावाचा सारथी १९४७ सालच्या फोर्डवर बसून निशाणापाशी पहिला आला. शर्यतीनंतर तपासनीस गाडीखाली शिरला आणि बाहेर आला तो डनवेचा विजय रद्द करूनच. मागच्या कमानी ताठ केलेल्या होत्या. दारू वाहण्याची ती जुनी युक्ती, आणि गाडीनेही तो धंदा केलेला होता असे म्हणतात. वळणावर गाडी कलंडत नव्हती याचे रहस्य ते. दोन हजार डॉलरचे बक्षीस दुसऱ्या आलेल्या, कॅन्ससहून आलेल्या जिम रोपर याच्या पदरात पडले. गाडीचा मालक ह्यूबर्ट वेस्टमोरलंड याने दहा हजार डॉलरांची फिर्याद गुदरली. न्यायालयाने ती काढून टाकली, आणि नियम करण्याचा व नियम मोडणाऱ्यास घालवून देण्याचा अधिकार संस्थेचा, हे कायमचे ठरून गेले. एका कमानीच्या पाट्यावर एवढी मोठी हुकूमत उभी राहिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याच धुळीत अकरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याचा बाप ली पेटी, पस्तिशीचा गृहस्थ, ओळखीच्या माणसाची थोरली ब्यूइक गाडी मागून घेऊन आला होता. घरची मंडळी त्याच गाडीत बसून शार्लटला आली, वाटेत पेट्रोलपंपावर तिचे तेल बदलले, आणि शर्यतीत ती गाडी कोलांट्या खाऊन निकामी झाली, तेव्हा मागून आणलेल्या गाडीच्या मालकाला काय सांगावे आणि घरी कसे जावे हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहिले. मुलाचे नाव रिचर्ड. पुढे तो दोनशे शर्यती जिंकणार होता, त्यांतल्या सत्तावीस एकट्या १९६७ साली. परंतु बापाने त्याला एकविसावे वर्ष पुरे होईपर्यंत शर्यतीच्या गाडीवर बसू दिले नाही. तोवर पाने-पकडी, ग्रीस आणि टायर. १९५८ च्या जुलैत एकविसावा वाढदिवस झाला आणि दहा दिवसांत तो मैदानात उतरला. आपल्याकडे गवयांच्या घराण्यांत वर्षानुवर्षे तंबोराच धरावयास लावीत, तसाच हा शिरस्ता.

आणि गुरू तरी कसा! १९५९ च्या जूनमध्ये लेकवुडच्या त्याच मैदानावर रिचर्डला विजयाचे निशाण पडले, पोर आयुष्यातला पहिला विजय मिळाला म्हणून हरखून गेला, आणि इतक्यात दुसऱ्या आलेल्या सारथ्याने फेऱ्यांच्या मोजणीस हरकत घेतली. नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, हरकत खरी ठरली, आणि विजय हरकतदारास मिळाला. हरकतदार ली पेटी होता. बापाने मुलाचा पहिला विजय काढून घेतला या गोष्टीचा राग रिचर्डच्या बोलण्यात पुढे कधी फारसा दिसला नाही. फेऱ्या बापाच्याच अधिक होत्या, एवढेच.

मात्र ज्याला असे घराणे नव्हते, अथवा ज्याच्या कातडीचा रंग मैदानाच्या मालकांना मानवत नव्हता, त्याची उमेदवारी कशी झाली हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. व्हर्जिनियातील डॅनव्हिलचा वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय, टॅक्सी चालविणारा, युद्धात मोटारदुरुस्ती केलेला, आणि भट्टीचा मालही वाहून नेलेला. १९५२ साली गर्दी खेचण्यासाठी एखादा काळा चालक हवा म्हणून शर्यत भरविणाऱ्यांनी गावच्या पोलिसांकडे चौकशी केली, आणि ज्याचा पाठलाग करून ते थकले होते त्याचेच नाव पोलिसांनी दिले. पोलिसांच्या दप्तराने मिळालेला असा शिफारसपत्राचा दाखला विरळाच. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिल येथे स्कॉटने शर्यत जिंकली. निशाण मात्र दोन फेऱ्या मागे असलेल्या बक बेकरला पडले, चषक त्याला मिळाला, आणि प्रेक्षक घरी गेल्यावर पंचांना मोजणीतली चूक सापडली. चूक अशी होती की तिच्यामुळे गोऱ्या प्रेक्षकांसमोर काळ्या माणसाच्या हाती चषक देण्याचा प्रसंग टळला. त्याच्या घरचीच पोरे त्याच्या गाडीची चाके बदलीत. जुन्या टायरांवर, दुसऱ्याच्या टाकाऊ इंजिनांवर त्याने दोन दशके काढली, आणि सन्मानाच्या यादीत त्याचे नाव आले ते २०१५ साली, त्याच्या मृत्यूला पाव शतक होत आल्यावर.

दारूचा पैसा आटत गेला तसा दुसरा पैसा येणे भाग होते. सिगारेटच्या जाहिराती रेडिओवर आणि दूरचित्रवाणीवर करावयास अमेरिकन सरकारने १९७१ च्या जानेवारीपासून मनाई केली, आणि तंबाखूच्या कंपन्यांच्या तिजोरीत खर्च न झालेल्या रकमा पडून राहिल्या. गंमत अशी की या रकमांचा वास प्रथम ज्युनियर जॉन्सनला आला. तो आता गाड्यांचा मालक होता. आपल्या एका गाडीला आश्रय द्यावा म्हणून आर. जे. रेनल्ड्स कंपनीकडे गेला, तेथील मंडळींचा हात एवढा सैल दिसला की त्याने त्यांना थेट संस्थेच्या दारी नेऊन सोडले. १९७१ ते २००३ ही तेहेतीस वर्षे अजिंक्यपदावर विन्स्टन सिगारेटचे नाव राहिले. या यजमानांना शेतातली मैदाने नको होती. शेवटची मातीवरची शर्यत १९७० च्या सप्टेंबरात रॅले येथे झाली, ती रिचर्ड पेटीने जिंकली, आणि ऐंशीनव्वद घरांच्या वस्तीतल्या पोराने चालत जाऊन पाहावी अशी ती माती पन्नासएक वर्षांपुरती थोरल्या शर्यतींतून नाहीशी झाली.

शाळाच बदलल्यावर विद्यार्थी बदलले यात काय नवल! १५ नोव्हेंबर १९९२ या एकाच दिवशी अटलांटात रिचर्ड पेटीची शेवटची शर्यत झाली आणि जेफ गॉर्डनची पहिली. गॉर्डन कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो गावचा. पाचव्या वर्षाच्या आतबाहेर सावत्र बापाने त्याला लहान मुलांची शर्यतीची छोटी गाडी घेऊन दिली, आठवड्यामागून आठवडे सराव करून घेतला, आणि १९८६ साली इंडियाना संस्थानातल्या पिट्सबोरोस बिऱ्हाड हलविले, एवढ्याचसाठी की तिकडे कोवळ्या वयाच्या मुलासही मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत भाग घेता येत असे. त्या मुलाने डोंगर पाहिला नव्हता, भट्टी पाहिली नव्हती, रात्री कोणी त्याचा पाठलाग केला नव्हता. दक्षिणेकडील जुन्या प्रेक्षकांना तो रुचला नाही. १९९५ साली, चोविसाव्या वर्षी, त्याने अजिंक्यपद घेतले, तेव्हा मुरब्बी डेल अर्नहार्टने चेष्टा केली होती की हा पोरगा जिंकला तर समारंभात दूधच वाढावे लागेल. गॉर्डनने त्या समारंभात खरोखरच दुधाचा पेला उंचावून त्याला दाद दिली. भट्टीच्या दारूवर वाढलेल्या व्यवसायात हा दुधाचा पेला उंचावला गेला, आणि वरच्या कमानीवर नाव मात्र सिगारेटचे होते.

तंबाखूने दिलेली भिक्षा तंबाखूनेच कशी अडविली याची कथा त्याहूनही मासलेवाईक आहे. लास व्हेगासचा काइल बुश २००१ साली सोळा वर्षांचा असताना छोट्या ट्रकांच्या शर्यतीत उतरला होता. त्या वर्षाअखेर कॅलिफोर्नियातील फॉन्टाना मैदानावर सरावात त्याची गाडी सर्वांच्या पुढे धावली, आणि मग त्याला बाहेर काढण्यात आले, कारण त्याच आठवड्यात त्याच मैदानावर मार्लबोरो सिगारेटच्या नावाची दुसरी शर्यत होती, आणि तंबाखूच्या कंपन्यांनी १९९८ मध्ये संस्थानांशी केलेल्या करारानुसार त्यांच्या आश्रयाखालच्या सामन्यात अठरा वर्षांखालील वेतनभोगी खेळाडू चालत नसे. पुढील वर्षापासून नॅसकारने अठराची अटच घातली. बापाने चौदाव्या वर्षी दारूच्या गाडीवर बसविलेला मुलगा ज्या व्यवसायाचा आद्यपुरुष, तेथे सोळाव्या वर्षाला दार बंद झाले. बुश वाट पाहत राहिला. आणि २००५ साली, विसाव्या वर्षी, थोरल्या शर्यतीतला आपला पहिला विजय त्याने मिळविला तो त्याच फॉन्टानाच्या मैदानावर.

मग वयाचे विक्रम भराभर खाली आले. जोई लोगानो १९ वर्षे ३५ दिवसांचा असताना २००९ मध्ये न्यू हॅम्पशरला जिंकला. परंतु तरुण सारथ्याची कारकीर्द म्हणून मला जी सांगावीशी वाटते ती ट्रेव्हर बेनची. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचा हा मुलगा पाचव्या वर्षापासून लहान गाड्या हाकत आलेला. २० फेब्रुवारी २०११ रोजी डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत तो जिंकला तेव्हा त्याला वीस वर्षे पुरी होऊन एक दिवस झाला होता, आणि थोरल्या मालिकेतली ती त्याची दुसरीच शर्यत होती. गाडी वुड बंधूंची, व्हर्जिनियाच्या स्टुअर्ट गावातले १९५० पासूनचे घराणे. पैसा इतका तुटपुंजा की ते त्या वर्षी साऱ्या शर्यतींत उतरणारच नव्हते, आणि दहा वर्षांत त्यांच्या गाडीला एकही विजय लाभलेला नव्हता. विजेत्याने गाडी ज्या चौकात न्यावयाची ती वाट बेनला ठाऊकच नव्हती. वळण चुकून तो पुढे निघून गेला. कोणी सारथी बोळ चुकतो आणि लाखो लोक ते पाहतात, हा देखावा मला त्या विजयापेक्षाही लक्षात राहिला आहे. गुणतक्त्यात या विजयाचे शून्य गुण मांडले गेले, कारण वर्षारंभी त्याने आपले नाव धाकट्या मालिकेसाठी नोंदविले होते. काही आठवड्यांतच त्याला दृष्टीचा त्रास सुरू होऊन गाडीवरून उतरावे लागले. पुढे २०१३ मध्ये मज्जासंस्थेचा चिवट विकार असल्याचे त्यानेच जाहीर केले. तो परतला, काही वर्षे शर्यती केल्या, थोरल्या मालिकेत दुसरा विजय मिळाला नाही, आणि आश्रयदाते पांगल्यावर नॉक्सव्हिलला जाऊन त्याने कॉफी भाजून विकण्याचा धंदा मांडला. वीस वर्षांच्या वयात जे मिळाले ते अनेकांना साऱ्या जन्मात मिळत नाही, हे खरे. परंतु पंचविशीतल्या माणसाने आपली कीर्ती पाठीमागे आहे हे रोज सकाळी उठून कसे पत्करले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

पेटी घराण्याची चौथी पिढी तर त्याही आधी संपली. रिचर्डचा नातू ॲडम २ एप्रिल २००० रोजी टेक्सासमध्ये थोरल्या शर्यतीत प्रथम उतरला. तीन दिवसांनी पणजोबा ली वारले. आणि १२ मे रोजी न्यू हॅम्पशरला सरावाच्या वेळी ॲडमची गाडी भिंतीवर आदळून तो गेला. वय एकोणीस. ज्या घराण्याने एकविसाव्या वर्षापर्यंत थांबण्याचा दंडक घालून दिला होता त्या घराण्याचा हा मुलगा. पुढल्या फेब्रुवारीत डेटोनाला डेल अर्नहार्टही गेला, त्यानंतर मान बांधून ठेवणारे साधन सर्वांना सक्तीचे झाले, आणि भिंतींना धक्का पचविणारी अस्तरे लागली. घरच्यांनी ॲडमच्या स्मरणार्थ आजारी मुलांसाठी रँडलमन येथे उन्हाळी छावणी उभी केली. ती २००४ पासून चालू आहे.

ज्या नॉर्थ विल्क्सबोरोच्या मैदानासाठी नांगर उभा राहिला होता, ते १९९६ च्या सप्टेंबरात बंद पडले. तेथली त्या काळची शेवटची थोरली शर्यत जेफ गॉर्डनने जिंकली. मग वर्षानुवर्षे आसनांच्या फटींतून गवत उगवले, रंग उडाला. ज्युनियर जॉन्सनला १९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी जुन्या गुन्ह्याची माफी दिलेली होती, आणि २०१९ च्या डिसेंबरात तोही गेला. २०२३ मध्ये मैदानावर पुन्हा नॅसकारची शर्यत झाली, लोक लोटले. त्यानंतरच्या हिवाळ्यात जुन्या आसनांखालच्या काँक्रीटची डागडुजी करीत असता कामगारांना खाली एक पोकळी लागली. सुमारे सातशे चौरस फुटांची ती खोली, आत एक भिंतही बांधलेली; वर हजारो माणसे बसून शर्यत पाहत असता येथे भट्टी लावीत असावेत असा मालकांचा कयास आहे. आत भांडे सापडले नाही, बरणी सापडली नाही. अबकारी खात्यालाही कळवून झाले आहे म्हणतात.